चौकटीबाहेर राहिलेले ढोलवाले

गेली काही वर्षं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. रंगवलेला लाकडी मुखवटा, अंगावर विणलेला घट्ट पोशाख, मनगटांना आणि घोट्यांना झालरी, आणि पाय असे काही चालतात की कुणीतरी व्हिडिओ दुप्पट वेगाने लावलाय असं वाटावं. कमरेच्या वरचं अंग मात्र जवळपास स्थिर. खाली ओळ असते, ‘जगातलं सर्वांत अवघड नृत्य’. आपण थक्क होतो, दोन ग्रुपवर पुढे ढकलतो आणि कामाला लागतो.

ते नृत्य म्हणजे झाउली. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात बुआफ्ले आणि झुएनुला या भागांत राहणाऱ्या गुरो समाजाचं. मुखवटा स्त्रीच्या सौंदर्याचा गौरव करणारा आणि तो घालून नाचणारा पुरुष. २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. व्हिडिओवरून यातलं काही कळत नाही, ते एक वेळ चालेल. पण मोबाइलची उभी चौकट नाचणाऱ्यावर बसवली की शेजारचे ढोलवाले आणि बासरीवाले कापले जातात. भोवती उभं असलेलं गाव कापलं जातं. मुखवटा कोरणारा आणि पोशाख विणणारा तर कधी दिसतच नाहीत. झाउलीत गावागावांची चुरस लागते, तीही गायब. पाय कुठल्या ठोक्याला उत्तर देताहेत हेच दिसलं नाही, तर उरते नुसती कसरत.

माझं सांगणं एवढंच आहे की आफ्रिकेतल्या, आणि आफ्रिकेतून बाहेर नेल्या गेलेल्या लोकांच्या, बहुतेक लोकनृत्यांत नाचणारा हा नाचाचा एक भाग असतो. नाच म्हणजे अख्खं रिंगण. हे ध्यानात आलं की न्यूयॉर्कमधला नृत्योत्सव, उरुग्वेतल्या रविवारच्या मिरवणुका आणि गुजरातेतल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा धमाल हा नाच, सगळ्यांचा उलगडा एकाच किल्लीने होतो.

‘आफ्रिकी नृत्य’ असं एक काही आहे का?

नाही. पन्नासहून अधिक देश आणि हजारावर भाषा असलेल्या खंडाचा एकच नाच कसा असेल? सेनेगलच्या साबारमध्ये नाचणारी बाई काही क्षणांसाठी रिंगणात झेपावते, गुडघे उंच उडवत ढोलाशी भिडते आणि हसत पुन्हा गर्दीत शिरते. घानातल्या अकान लोकांचा आडोवा संथ असतो. त्यात हातांच्या खुणांना अर्थ असतात आणि तो अंत्यविधीच्या वेळीही नाचतात. मलावीतल्या चेवा लोकांच्या गुले वामकुलूत मुखवटेधारी येतात ते मृतांचे आणि प्राण्यांचे आत्मे म्हणून. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींतल्या मजुरांनी पायातल्या रबरी बुटांवर थापा मारत स्वतंत्र नृत्यच उभं केलं.

या विषयात दुसरा एक शब्द वारंवार कानावर येतो, तो आत्ताच सांगून टाकतो. डायस्पोरा म्हणजे मूळ भूमीपासून दूर पांगलेला समाज. आफ्रिकेच्या बाबतीत तो पांगला नाही, पांगवला गेला. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर चढवली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. सगळ्यांत जास्त ब्राझीलमध्ये. या लोकांना सामान बरोबर घेता आलं नाही. जे अंगात मुरलेलं होतं तेवढंच सोबत गेलं.

रिंगणात नेमकं काय चालतं?

दोन गोष्टी कळल्या तरी पुरे आहेत. पहिली म्हणजे पॉलिरिदम, अर्थात वेगवेगळ्या मोजणीच्या लयी एकाच वेळी एकमेकींत गुंफून चालणं. स्वतः करून बघा. डाव्या हाताने मांडीवर समान अंतराने दोन थापा मारा आणि तेवढ्याच वेळात उजव्या हाताने समान अंतराच्या तीन. हात अडखळतात, एक हात दुसऱ्याला आपल्याकडे ओढतो. जमलं की दोन्ही लयींखेरीज एक तिसरीच लय ऐकू यायला लागते, जी दोघांपैकी एकही हात वाजवत नसतो. आता असे पाच-सहा वादक कल्पा.

आपल्या ढोल-ताशा पथकाशी ताडून बघितलं तर फरक नेमका कळतो. पथकात ताशा कडकडत असतो, ढोल ठेका धरतो, झांजा तिसरंच काही बोलत असतात, पण सगळं मिळून एका जागी येऊन आदळतं आणि आपला कान त्या जागेची वाट बघत असतो. घाना आणि टोगोमधल्या इवे लोकांच्या आग्बाड्झा नृत्यात तशी जागा शोधायला गेलात तर फसाल. तिथे गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा बारा मात्रांत सात ठोके देत राहते, आणि ठोक्यांमधली अंतरं सारखी नसतात. सगळ्यांची खूण ती. खुळखुळा, लहान ढोल, मधला ढोल, ज्याने त्याने आपली जागा त्या घंटेच्या हिशेबाने शोधायची. मोठा ढोल वरून बोलत असतो. नाचणाऱ्याचे पाय एक लय धरतात, पाठ आणि खांदे दुसरी. ‘आफ्रिकी माणसाच्या रक्तातच ताल असतो’ हे वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं, पण त्यात या सगळ्या शिकण्यावर बोळा फिरतो. लहान मूल मोठ्यांच्या मागे उभं राहून घंटा वाजवायला मिळेपर्यंत वर्षं घालवतं. ते रक्तात नसतं, तालमीत असतं.

दुसरी गोष्ट हाक आणि ओ. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. गाण्यात, टाळ्यांत, ढोलात, पावलांत, सगळीकडे हेच. त्यामुळे कडेला उभा राहून टाळी धरणारा माणूसही सादरीकरणातच असतो. त्याने टाळी सोडली तर मधल्याचा नाच पडतो.

नाचणारा ढोलामागे, की ढोल नाचणाऱ्यामागे?

आपली कल्पना अशी की वादक वाजवतो आणि नाचणारा त्यावर नाचतो. पोर्तो रिको बेटावरच्या बोम्बा नृत्यात हे उलटं आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

बोम्बा उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी घडवलं. ढोल पिंपांचे, त्यांवर बकऱ्याचं कातडं. किमान दोन ढोल लागतात. एक, बुलेआदोर, ठरलेला ठेका न हलता धरून ठेवतो. दुसरा, प्रीमो, नाचणाऱ्याशी बोलतो. नाचायला येणारी व्यक्ती आधी ढोलाला नमस्कार करते. मग ती खांदा उडवते, घेरदार परकराचा झोल फटकन झटकते, पाय आपटते, मधेच थबकते. प्रीमो वाजवणाऱ्याने त्या प्रत्येक हालचालीचा आवाज त्याच क्षणी ढोलातून काढायचा. म्हणजे नाचणारी वाजवते आणि वादकाचे हात तिच्यामागे धावतात. मुद्दाम चकवायचं, हूल द्यायची, आणि वादकाने ती पकडली की भोवतालच्यांनी ओरडायचं. चूक झालीच तर ती बहुधा वादकाची धरतात!

मळ्यात ज्याच्या शरीरावर मालकाचा हुकूम चालतो, त्याला या रिंगणात शिरल्यावर आपल्या अंगाने ढोलावर हुकूम चालवता येत होता. यावर जास्त भाष्याची गरज नाही. २०१९ च्या जुलैत पोर्तो रिकोच्या गव्हर्नरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा निदर्शनांत बोम्बाचे ढोलही होते.

ढोल हिसकावून घेतले तेव्हा

मालकवर्गाला ढोलाची भीती वाटायची, आणि ती अगदीच निराधार नव्हती. १७३९ च्या सप्टेंबरात दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी घातली. मग ताल मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांत आणि टाचांत गेला. जुबा थापणं नावाचा अंगावर ताल वाजवण्याचा प्रकार अमेरिकेतल्या गुलामवस्त्यांत पसरला, आणि पुढच्या टॅप नृत्याच्या पूर्वजांत त्याचं नाव घेतलं जातं.

जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची या गुलामांच्या वंशजांच्या समाजात याहून विलक्षण प्रकार टिकला. त्याला रिंग शाउट म्हणतात. एकजण काठी जमिनीवर आपटून ठेका देतो, एकजण ओळ टाकतो, बाकीचे टाळ्यांसह उचलतात, आणि बायका घड्याळाच्या उलट दिशेने रिंगणात सरकतात. सरकतात, कारण पाऊल पावलावर आडवं येता कामा नये. पाय आडवे पडले की ते नाचणं झालं, आणि चर्चच्या लेखी नाचणं पाप. पाय घासत चाललं की ती प्रार्थना. नियम पाळूनही नाच चालूच ठेवण्याची अशी युक्ती मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. जॉर्जियाच्या मॅकिंटॉश काउंटीतल्या बोल्डन या वस्तीत ३१ डिसेंबरच्या रात्री हा शाउट होत आला. तिथला चमू नंतर बाहेरही सादरीकरण करू लागला आणि १९९३ साली त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

न्यू ऑर्लीन्समध्ये बंदीऐवजी कुंपण घातलं गेलं. १८१७ च्या शहराच्या आदेशाने गुलामांना रविवारी एकाच ठरावीक जागी जमायची मुभा दिली. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर, जॅझच्या इतिहासात पुढे जिचं नाव आदराने घेतलं जातं. क्यूबात बंदरावर रिकाम्या झालेल्या खोक्यांवर रुम्बा वाजू लागला. त्रिनिदादमध्ये १८८१ साली कार्निव्हलच्या वेळी पोलिसांशी चकमकी झाल्या, मग ढोलांवर निर्बंध आले, तर लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून मिरवणुका काढल्या. त्यापुढची पायरी म्हणजे तेलाच्या पिंपांपासून घडवलेला स्टीलपॅन. याच बेटावर १८८४ साली भारतीय गिरमिटिया मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक मजूर मारले गेले. त्या मिरवणुकीतलं वाद्य होतं तासा, म्हणजे आपला ताशाच. आज त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये स्टीलपॅन आणि तासा दोन्ही ऐकू येतात.

माँटेव्हिडिओतले तीन ढोल

उरुग्वे म्हटलं की फुटबॉल आठवतो. तिथे आफ्रिकी वंशाचे लोक फार नाहीत, २०११ च्या जनगणनेत सुमारे आठ टक्के. पण राजधानी माँटेव्हिडिओच्या बारिओ सूर आणि पालेर्मो या वस्त्यांत रविवारी संध्याकाळी थांबलात, तर कोपऱ्यावर कागद आणि लाकडं पेटवून त्याभोवती ढोल मांडून ठेवलेले दिसतील. उबेने कातडं ताणलं जातं आणि ढोल सुरात येतो. आग विझेपर्यंत गप्पा चालतात. मग वादक ढोल खांद्याला अडकवतात आणि ताफा रस्त्यातून चालू लागतो. याला कांदोंबे म्हणतात.

ढोल तीन प्रकारचे. चीको सर्वांत लहान. तो एकच ठेका अथक, एकसारखा वाजवतो आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पिआनो सर्वांत मोठा, खर्जातला. रेपीके मधला आणि बोलका. तो हाक देतो, बाकीचे ढोल ओ देतात, तोच ताफ्याला वेग घ्यायला लावतो. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा, आणि काठी कधी कातड्यावर, कधी ढोलाच्या लाकडी अंगावर. पुढे नाचणाऱ्यांत ठरलेली सोंगं असतात. पंखा आणि छत्री घेतलेली मामा व्हिएहा ही म्हातारी, थरथरत्या पायांचा आणि पांढऱ्या दाढीचा वैदू ग्रामिजेरो, आणि झाडू बोटांवर खेळवणारा एस्कोबेरो. मामा व्हिएहा आणि ग्रामिजेरो दोघंही म्हातारी, आणि त्यांचं म्हातारपण हाच त्यांच्या नाचाचा डौल.

प्रत्येक जुन्या वस्तीचा वाजवण्याचा ढंग वेगळा, कारण प्रत्येक ढंग एकेका चाळीत वाढला. बारिओ सूरमधल्या एका चाळीचं नाव मेदिओ मुंदो. मधे अंगण, भोवती खोल्या, अंगणात दोरीवर धुणं आणि ढोल. १९७३ पासून देशात लष्करी राजवट होती. इमारत धोकादायक असल्याचं कारण देऊन तिने चाळ रिकामी करवली आणि १९७८ च्या डिसेंबरात पाडली. ३ डिसेंबरला रहिवाशांनी तिथे शेवटचे ढोल वाजवले. आन्सिना वस्तीवरही पुढे तीच वेळ आली. माणसं शहराच्या कडेला पांगली. पण त्यांच्याबरोबर ढोलही तिकडे गेले आणि जिथे कांदोंबे नव्हतं त्या वस्त्यांत ताफे उभे राहिले. २००६ साली उरुग्वेच्या संसदेने कायदा करून ३ डिसेंबर हा कांदोंबेचा राष्ट्रीय दिवस ठरवला, आणि २००९ साली युनेस्कोची मोहोर उमटली.

फेब्रुवारीत देसफिले दे जामादास ही मोठी स्पर्धा असते. परीक्षक, तिकिटं, खुर्च्या, दिवे, पिसं. पर्यटक ती बघतात आणि दूरदर्शनवर तीच दिसते. त्यात वाईट काही नाही, पण माझ्या मते कांदोंबेचा जीव रविवारच्या त्या बिनतिकीट फेरीत आहे. तिथे ताफ्यामागे कुणीही चालू लागतो आणि शेजारची आजी दारातूनच दोन पावलं टाकून आत जाते.

मंचावर आणलं की काय होतं?

रिंगणाला चारी बाजूंनी तोंड असतं. रंगमंचाला एकच. त्यामुळे नाच मंचावर चढवायचा म्हणजे वर्तुळ एका बाजूने उघडायचं, तासन्‌तास चालणारी गोष्ट सात-आठ मिनिटांत बसवायची, आणि लोकांना अंधारात गप्प बसवायचं. हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते गिनीच्या केइता फोदेबा यांनी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये त्यांनी ले बाले आफ्रिकेन हा संच काढला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तोच राष्ट्रीय संच बनला आणि जगभर फिरला. आज पुण्या-मुंबईच्या कार्यशाळांत जेंबे ढोल दिसतो त्यामागेही या संचाची आणि त्याच्या धर्तीवर निघालेल्या इतर संचांची पायपीट आहे. यात एक विचित्र विसंगतीही होती. जंगलपट्ट्यातल्या गावांतले मुखवटे आणि विधी अंधश्रद्धा ठरवून गिनीचे पहिले अध्यक्ष सेकू तुरे यांचं सरकार मोडून काढत होतं, आणि त्याच परंपरांचे नाच राष्ट्रीय संच परदेशात अभिमानाने दाखवत होता.

मंच टाळता येत नसेल तर रिंगण मंचावर कसं आणायचं, या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर ब्रुकलिनमध्ये सापडतं. नर्तक चक डेव्हिस यांनी १९७७ साली ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये डान्सआफ्रिका हा महोत्सव सुरू केला. तो मेच्या अखेरीस भरतो, अजूनही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मंचावरून हाक येते, “आगो!” आणि सभागृहाने उत्तर द्यायचं, “आमे!” घानात दारात उभं राहून माणूस ‘आगो’ म्हणतो आणि आतून ‘आमे’ येतं, तीच ही पद्धत. उत्तर कमी आवाजात आलं तर हाक पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत हजारो अनोळखी माणसांना आपण नुसते बघायला आलेलो नाही हे न सांगता कळतं. मग पूर्वजांच्या नावाने पाणी वाहिलं जातं, ज्येष्ठांचं मंडळ मंचावर येतं. आफ्रिकेतून आलेल्या पाहुण्या संचाबरोबर बेडफर्ड-स्टायव्हसंट या शेजारच्या वस्तीतली मुलंही नाचतात. बाहेर रस्त्यावर बाजार भरतो, कापड, खाणं, मण्यांच्या माळा. डेव्हिस २०१७ साली वारले. त्याआधीच महोत्सवाची धुरा त्यांनी अब्देल सलाम यांच्याकडे सोपवली होती.

सामुदायिक सादरीकरण म्हणतात ते हे. व्यावसायिक नर्तक त्यात असतातच आणि उत्तम असतात. पण मुलं, म्हातारे, शेजारी आणि तिकीट काढून आलेला माणूस यांच्याशिवाय ते पुरं होत नाही, अशी त्याची बांधणीच असते.

पण हे तर देवाधर्माचं, त्याचा जाहीर कार्यक्रम कसा?

ही शंका रास्त आहे आणि ती सर्वांत आधी त्या समाजांनाच पडली. क्यूबात पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेतून आलेल्या सांतेरिया पंथात बाता नावाचे तीन दुतोंडी ढोल असतात. विधिपूर्वक प्रतिष्ठा केलेल्या बातांमध्ये आन्या या देवतेचा वास मानतात. ते कुणी वाजवायचे, कधी वाजवायचे, याचे कडक नियम आहेत. १९३० च्या दशकात अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी हवानात बातांचा पहिला जाहीर कार्यक्रम घडवून आणला, तेव्हा वादकांनी त्यासाठी प्रतिष्ठा न केलेले वेगळे ढोल वापरले. आजही मंचावर तसेच ढोल येतात. १९६२ साली स्थापन झालेला क्यूबाचा राष्ट्रीय लोकनृत्य संच देवतांचे नाच बसवतो तेही याच समजुतीवर. नाच तोच, ठेके तेच, पण देव आलेला नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक. सीमा कुठे आखायची हे पुजाऱ्यांनी आणि वादकांनी ठरवलं. बाहेरून कुणी ठरवून दिलं नाही.

गुलामीतून आलेल्या गोष्टीचा उत्सव कसा करायचा?

लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन स्थलांतरितांवर हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार आणि कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी त्यावर उत्तर म्हणून १९५९ च्या जानेवारीत सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, ऐन थंडीत, चार भिंतींच्या आत कार्निव्हल भरवला. त्याच्या उत्पन्नातला वाटा दंगलीनंतर शिक्षा झालेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता. १९६६ पासून रस्त्यावरचा नॉटिंग हिल कार्निव्हल सुरू झाला, तो आज युरोपातला सर्वांत मोठा रस्त्यावरचा उत्सव गणला जातो. आनंद आणि राग वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची या लोकांना सवय नाही. बाहेरून बघणाऱ्याला फक्त पिसं दिसतात, तो त्याच्या चौकटीचा दोष.

बाहेरच्यांनी नाचावं का?

उरुग्वेत हा वाद प्रत्यक्ष चालू आहे. कांदोंबेच्या ताफ्यांत आज मोठ्या संख्येने गोरे वादक असतात. काहींना वाटतं की कला पसरली, सन्मान मिळाला. काहींचा सवाल असा की ज्यांच्या चाळी पाडल्या त्यांची नातवंडं आजही गरीब आहेत, मग ढोल राष्ट्रीय झाला तरी माणसं का झाली नाहीत? ब्राझीलच्या कापुएरा या लढाईच्या अंगाने जाणाऱ्या नाचाचंही तसंच. १८९० च्या दंडसंहितेत तो गुन्हा होता, २०१४ साली त्याचं रिंगण युनेस्कोच्या यादीत गेलं. आता मुंबईतही त्याचे वर्ग चालतात.

मला वाटतं, उत्तराचा बराचसा भाग रिंगणाच्या शिस्तीतच आहे. कापुएरात आत जाण्याआधी बेरिंबाव या धनुष्यासारख्या वाद्यापाशी उकिडवं बसावं लागतं. बोम्बात ढोलाला नमस्कार केल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. साबारमध्ये काही क्षण नाचून बाहेर पडायचं असतं, दुसऱ्यासाठी जागा सोडायची असते. आधी टाळी धरायला शिका, मग गायला, मग घंटा, मग ढोल, आणि बोलावलं की आत या. हा क्रम पाळणाऱ्या परक्याला बहुतेक ठिकाणी मज्जाव नसतो. राग येतो तो पहिल्याच दिवशी मधोमध उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याचा, आणि दोन महिने शिकून तिसऱ्या महिन्यात फी घेऊन शिकवायला लागणाऱ्याचा. पैशाचा प्रश्न मात्र नुसत्या शिस्तीने सुटत नाही. कार्यशाळेची फी, महोत्सवाचं मानधन, जाहिरातीतलं छायाचित्र यांतलं काय त्या वस्तीत परत जातं, हे विचारायला हवं.

आपल्या शेजारचे

हिंदी महासागर ओलांडूनही आफ्रिकी माणसं आली. मराठी माणसाला ती भेटतात शाळेच्या इतिहासात, जंजिऱ्याचे सिद्दी आणि निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर म्हणून. तलवार माहीत असते, ढोल माहीत नसतो.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, आणि सिद्दी त्यांना आपला आफ्रिकी पूर्वज मानतात. त्यांची बहीण माई मिस्रा, तिचंही ठाणं तिथेच. उरुसात इथे धमाल होते. मुगरमान हा उंच ढोल, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा आणि मलुंगा. मलुंगा म्हणजे दुधीचा भोपळा बांधलेलं धनुष्य, बेरिंबावच्या शेजारी ठेवलं तर चुलत भाऊच वाटेल. रिंगण, हाक, ओ, सगळं ओळखीचं. नाचता नाचता कुणाला हाल येतो, म्हणजे बावांची छाया अंगावर उतरते, असं मानतात.

याच धमालचा दुसरा अवतार गीरच्या रिसॉर्टांत दिसतो. सिंह बघायला आलेल्या पर्यटकांसाठी रात्री मोरपिसं, रंगवलेले चेहरे, आणि शेवटी हवेत उडवलेला नारळ डोक्यावर फोडणं. व्हिडिओत येतो तो हाच. त्यावर नाक मुरडणं सोपं आहे, पण या सादरीकरणातून घरात पैसे येतात आणि तरुण पोरं मुगरमान शिकतात, हेही खरं. मला खटकतं ते एवढंच की पर्यटकाला दर्ग्याबद्दल कुणी एक वाक्यसुद्धा सांगत नाही. ब्रुकलिनमध्ये एका हाकेत जे होतं, ते इथेही करता येईल. टाळीचा ठेका शिकवायला दोन मिनिटं लागतात.

आणि आपल्याला तर गुजरातेतही जायला नको. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दींची गावं आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाटावर निसटलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांत मोठ्या संख्येने आहेत. घरात बोलतात ती बरीचशी कोकणीच्या वळणाची भाषा. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांचा ढोल दमाम, आणि त्यावर नाचणाऱ्यांत बायका पुढे असतात. यल्लापूर हुबळी-अंकोला महामार्गावरच लागतं, गोवा किंवा बेळगावहून सकाळी निघालं की दुपारच्या आत.